नेटवरून उतरवलेलं चित्र लेझरवर कापण्याआधी तुम्ही नक्की काय काय करता?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. प्लायवूडचे तीन तुकडे वाया घालवून झाले, म्हणून आता विचारतेच. मला भिंतीवर लावायला फांदीवर बसलेलं घुबड कापायचं होतं, उंची २०० मिमी, प्लाय ३ मिमीचा. नेटवर काळ्यापांढऱ्या रंगात एक झकास चित्र मिळालं, जेपेग होतं, सेव्ह केलं, इंकस्केपमध्ये (रेघांची चित्रं काढायचा प्रोग्राम) उघडून ट्रेस बिटमॅप केलं, म्हणजे चित्रावरून कापायच्या रेघा काढून घेतल्या, सेटिंग काहीच बदललं नाही, स्क्रीनवर इतकं छान दिसत होतं की डोळे झाकून फाईल मशीनला दिली.

पहिल्या तुकड्यात प्रत्येक रेघ दोनदा कापली गेली. दोनदा म्हणजे एकावर एक नाही, शेजारी शेजारी, आणि मधे केसाएवढी लाकडाची पट्टी उरली ती जळून काळी. पिसांच्या कडा गोल नाहीतच, जिन्यासारख्या पायऱ्या आल्या. आणि घुबडाचे डोळे, म्हणजे वर्तुळात वर्तुळ, त्यात बाहुली, ते सगळंच्या सगळं जाळीतून खाली पडलं. हातात आलं ते आंधळं घुबड.

दुसऱ्या तुकड्यात ट्रेसचा थ्रेशोल्ड (कुठपर्यंतचा करडा काळा धरायचा ती मर्यादा) वरखाली करून पाहिला, तर अर्धी फांदीच गायब.

मग कंटाळून दुसरीकडून तयार एसव्हीजी (पिक्सेलऐवजी रेघांची फाईल) उतरवली, स्टँडसकट, उभं करायला तळाशी खाचा असलेली. वर्णनात उंची २०० मिमी लिहिली होती, उघडली तर १५० भरली. मी हाताने ओढून मोठी केली आणि कापली, खाचा एकमेकांत बसल्याच नाहीत.

तर प्रश्न असा, की चित्र उतरवल्यापासून मशीनचं बटण दाबेपर्यंत तुम्ही काय काय तपासता? मला मशीनचा पॉवर-स्पीड नकोय, तो जमतो. चित्राचं सांगा.

कागदी_होडी

पहिला प्रश्न, सेव्ह कुठून केलंत? सर्चमध्ये जी छोटी छोटी चित्रं दिसतात तिथूनच राइट क्लिक केलं का? फाईलचे पिक्सेल किती आहेत ते बघून सांगा.

करवत

दुहेरी रेघेचं कारण सांगतो, ते एकदा कळलं की पुन्हा फसायला होत नाही.

ट्रेस करणाऱ्या प्रोग्रामला "रेघ" कळत नाही. त्याला फक्त काळं कुठे संपतं आणि पांढरं कुठे सुरू होतं एवढंच कळतं, आणि त्या सीमेवरून तो पाथ, म्हणजे लेझरने चालायची रेघ, फिरवतो. तुम्हाला जी १ मिमी जाडीची एक रेघ दिसते ती त्याच्या दृष्टीने १ मिमी रुंदीचा लांबलचक आकार आहे, म्हणजे त्याला दोन कडा, म्हणजे दोन पाथ. मशीन इमानदारीत दोन्ही कापतं. म्हणून आधी आपणच ठरवायचं, चित्रातल्या रेघेचं लाकडात काय होणार आहे. ती कोरायची असेल तर दोन कडा बरोबरच आहेत, मधला भाग भरून कोरला जातो. तिथे आरपार फट हवी असेल तरी बरोबर, फक्त रेघ पुरेशी जाड हवी. पण एकच काप हवा असेल तर सेंटरलाइन ट्रेस करावा लागतो, इंकस्केपच्या १.० पासून ट्रेसच्या खिडकीतच तो पर्याय आहे. तो रेघेच्या मधोमध एकच पाथ काढतो. जिथे दोनतीन रेघा एकत्र येतात तिथे मात्र तो गोंधळतो, बारीक फाटे काढतो, ते हाताने साफ करायचे.

निळी_शाई

@कागदी_होडी, बघितलं. २२५ × २२५. आणि हो, सर्चमधूनच सेव्ह केलं होतं. ते मूळ चित्र नसतं हे मला माहीतच नव्हतं.

@करवत, आता डोक्यात प्रकाश पडला. मी सगळंच "कापा" असं दिलं होतं. पिसांवरच्या रेघा खरं तर कोरायलाच हव्या होत्या.

बिंदुरेषा

२२५ पिक्सेल २०० मिमीवर ताणले म्हणजे एक पिक्सेल जवळजवळ ०.९ मिमीचा झाला. तुमच्या लेझरचा काप असेल ०.२ मिमीच्या आसपास. म्हणजे पिक्सेलची प्रत्येक पायरी मशीन अगदी प्रामाणिकपणे दाखवणार, पायऱ्या तिथूनच आल्या. ट्रेसिंग त्या थोड्या गुळगुळीत करतं पण जी माहिती चित्रात नाहीच ती आणणार कुठून.

दुसरं म्हणजे जेपेग. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून दाबतं, त्यामुळे काळ्यापांढऱ्याच्या सीमेवर करड्या ठिपक्यांची धूळ बसते. डोळ्याला दिसत नाही, चित्र ८०० टक्के मोठं करून बघा, दिसेल. थ्रेशोल्ड बदलला की ही धूळ कधी काळ्यात जाते, कधी पांढऱ्यात. फांदी बहुतेक करड्या रंगातच होती, म्हणून गेली.

माझी पद्धत अशी:

आधी मूळ चित्र शोधायचं. चित्रावरून चित्र शोधायची सोय आता सगळीकडे आहे, बहुतेक वेळा हजार-दीड हजार पिक्सेलचं सापडतं. सापडलं की अर्धं काम झालं.

नाहीच सापडलं तर गिंपमध्ये (फोटो सुधारायचा प्रोग्राम) चित्र आधी करडं करायचं, मग चौपट मोठं करायचं (क्यूबिक पर्याय निवडून), मग त्यावर गॉसियन ब्लर द्यायचा, अगदी धूसर होईपर्यंत. लोकांना इथे वाटतं की हा वेडा आहे, आधीच वाईट असलेलं चित्र आणखी खराब करतोय. पण त्यानंतर कलर्स मेनूतलं थ्रेशोल्ड लावलं की धूसर कड परत धारदार होते आणि मधल्या पायऱ्या विरघळून गेलेल्या असतात. ब्लर जास्त झाला तर टोकं बोथट होतात, कमी झाला तर पायऱ्या राहतात, दोनचार वेळा पुढेमागे करून बघायचं. मग पीएनजी म्हणून सेव्ह करायचं, परत जेपेग नाही, नाहीतर धूळ पुन्हा आली.

आणि पीएनजीच्या बाबतीत एक सापळा आहे, मागे पारदर्शक म्हणून जो राखाडी-पांढरा चौकटी पट दिसतो तो पुष्कळदा चित्रातच रंगवलेला असतो! पारदर्शक काही नसतं. ट्रेस केलं की शेकडो चौकोन हातात.

धूरधूर

चौकटीवाला पीएनजी :) माझ्याकडे त्याच्या बुद्धिबळाच्या पटाएवढ्या आठवणी आहेत.

अर्धा_मिलीमीटर

वरचे सगळे प्रतिसाद बरोबर असतील पण माझं मत वेगळं आहे आणि ते मी ठामपणे मांडतो. ट्रेस करूच नका. चित्र एका लेयरवर ठेवा, लेयरला कुलूप लावा, अपारदर्शकता निम्मी करा, वर दुसरा लेयर घ्या आणि बेझिअर पेनने (वळणदार रेघा काढायचं साधन) स्वतः काढा.

कारण सांगतो. मी एकदा पानांच्या वेलीची नक्षी ट्रेस केली होती, साफ केली, पुन्हा केली, सगळी संध्याकाळ त्यात गेली. फाईलमध्ये नोड (रेघेचं वळण धरून ठेवणारे बिंदू) मोजले तर चार हजारांच्या वर. गोल वळणावर मशीन थरथरत चाललं, कारण दर अर्ध्या मिलीमीटरवर एक नोड, प्रत्येक ठिकाणी वेग कमी आणि तिथे लाकूड जास्त जळणार, कडेवर तपकिरी ठिपक्यांची माळ. दुसऱ्या दिवशी तेच पान हाताने काढलं. एका पानाला सहा नोड लागले. एक पान काढून त्याच्या प्रती केल्या, फिरवल्या, लहानमोठ्या केल्या, पाऊण तासात वेल तयार. आणि कड अशी आली की बोट फिरवत राहावंसं वाटतं.

घुबड तर समोरून बघणारं असेल ना? मग अर्धंच काढा आणि आरशासारखं उलटवा. नोड तिथेच ठेवायचा जिथे वळण दिशा बदलतं, त्याखेरीज नाही.

करवत

@अर्धा_मिलीमीटर, पानांच्या वेलीला मान्य. पण जुन्या खोदचित्रातलं फूल घ्या, हजारो बारीक रेघांच्या छटा, ते हाताने कोण काढणार आणि किती दिवस? किंवा दुसऱ्याचं हस्ताक्षर. त्यात हाताने काढलं तर ते त्याचं हस्ताक्षरच राहत नाही. मूळ चित्र मोठं आणि स्वच्छ असेल तर ट्रेस उत्तम येतो. इंकस्केपचा ट्रेस पोट्रेस नावाच्या प्रोग्रामवर चालतो आणि ते फार हुशारीने वळणं काढतं, फक्त खायला चांगलं घाला. स्पेकल्सचा आकडा वाढवला की बारीक ठिपके ट्रेसमध्ये येतच नाहीत, ऑप्टिमाइझ वाढवलं की नोड कमी होतात.

नोड नंतर कमी करायला कंट्रोल-एल आहेच, सिम्प्लिफाय. पण ते दोनदा सलग दाबू नका, टोकदार कोपरे गोल होतात. घुबडाचे कान गेले तर मांजर उरेल.

अर्धा_मिलीमीटर

"फक्त खायला चांगलं घाला"

हेच तर म्हणतोय. खायला चांगलं मिळत नाही म्हणूनच धागा निघालाय. हस्ताक्षराचा मुद्दा मात्र मान्य, तिथे मीही ट्रेसच करतो.

बोरू

डोळे का पडले यावर कोणीच बोललं नाही अजून, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. ट्रेस वाईट झाला तर वाईट दिसेल, पण बेट विसरलात तर तो भाग हातातच येणार नाही.

मी अक्षरं कापतो त्यामुळे हे रोज भोगतो. चारी बाजूंनी काप असलेला कुठलाही तुकडा म्हणजे बेट, तो पडणारच. देवनागरीत फळीतून अक्षर आरपार कापायचं म्हटलं, तर व आणि ठ च्या पोटातलं लाकूड पडतं, ब च्या पोटात तिरकी रेघ असल्यामुळे एकाऐवजी दोन तुकडे पडतात. उलट अक्षरंच सुटी कापून ठेवायची असतील तर शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते, ती मोठीच सोय आहे, पण अनुस्वार, नुक्ता आणि विसर्गाची टिंबं सुटी होतात. "चंद्र" कापायला घेतला आणि हातात "चद्र" आला, असं होतं. रात्री उशिरा काम करताना हमखास.

उपाय म्हणजे पूल. बेटापासून मुख्य लाकडापर्यंत एक अरुंद पट्टी न कापता सोडायची. ती कुठे सोडायची यातच सगळी कला आहे, चित्रातल्या एखाद्या रेघेच्या ओघात ती लपली तर पूल वाटतच नाही, चित्राचाच भाग वाटतो. घुबडाच्या डोळ्याभोवती पिसं किरणांसारखी पसरलेली असतात, त्यातलीच दोन पिसं आत बाहुलीपर्यंत न्या.

आता मशीनला द्यायच्या आधीची परीक्षा. गिंपमध्ये चित्र असं करा की राहणारं लाकूड काळं आणि कापून जाणारा भाग पांढरा. बकेट घ्या, लाल रंग घ्या, लाकडावर कुठेही एकदा क्लिक करा. जे जे जोडलेलं आहे ते लाल होईल. जे काळंच राहिलं ते पडणार. दोन सेकंदांची परीक्षा आहे, आणि ती चुकत नाही.

निळी_शाई

बोरू, ही बकेटची युक्ती आत्ता लगेच केली. माझ्या घुबडात १९ तुकडे काळे राहिले! डोळे तर होतेच, चोच पण सुटीच होती आणि मला ते कळलंही नव्हतं कारण ती पडून हरवली.

बोरू

एक राहिलं. बकेटला दोन पिक्सेलचा धागाही "जोडलेला" वाटतो, लाकडाला तसं वाटत नाही. म्हणून दुसरी परीक्षा. चित्र २५४ डीपीआयला (एका इंचात २५४ पिक्सेल) ठेवलं की १ मिमी म्हणजे बरोबर १० पिक्सेल. सगळं काळं निवडा, सिलेक्ट मेनूतून श्रिंक ७ पिक्सेल. म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून साधारण दीड मिमी गेलं. ती निवड जिथे तुटली ते तुमचे कमकुवत सांधे. ३ मिमी प्लायमध्ये दीड मिमीपेक्षा बारीक काही ठेवलं तर ते जळतं किंवा उचलताना मोडतं, आणि प्लायचे थर आडवे-उभे असल्यामुळे कुठल्या दिशेने मोडेल ते सांगता येत नाही. भार घेणारा सांधा असेल तर मी जाडीइतकी रुंदी ठेवतो.

चाचणीतुकडा

तिसऱ्या तुकड्याबद्दल. १५० आणि २०० हे आकडे वाचल्याबरोबर ओळखलं. भागाकार करा, ०.७५. म्हणजेच ७२ भागिले ९६.

एसव्हीजीत मापं बऱ्याचदा नुसत्या आकड्यात असतात, मिमी-इंच काही लिहिलेलं नसतं. इलस्ट्रेटर एका इंचात ७२ एकक धरतं, इंकस्केप ९६ धरतं. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचलं की २०० चे १५० होतात. आणि इंकस्केपच्याच जुन्या फाईल ९० च्या हिशोबाने आहेत, २०१७ मध्ये ०.९२ आलं तेव्हा ९६ झालं, त्यामुळे जुनी फाईल ९६ ने वाचली की २०० चे १८७.५ होतात. हे दोन आकडे पाठ करून ठेवा. पहिल्यावर उपाय १३३.३३ टक्के, दुसऱ्यावर १०६.६७ टक्के, आणि आकडा टाइप करून, कुलूप लावून, दोन्ही बाजू सारख्या वाढतील असं. हाताने ओढायचं नाही. तुमच्या खाचा ३ मिमीच्या होत्या, त्या २.२५ झाल्या, मग ओढताना आडव्या एक झाल्या उभ्या एक झाल्या, बसणार कशा.

डीएक्सएफ प्रकारच्या फाईलमध्येही हेच दुखणं आहे, वाचणाऱ्याने इंच समजले की सगळं २५.४ पटीने मोठं.

अजून एक बारीक गोष्ट. इंकस्केप माप दाखवताना मुळात रेघेची जाडी धरून दाखवतं. १ मिमी जाड रेघेचा चौकोन १०० मिमी दिसला तर पाथ ९९ चाच असतो आणि लेझर पाथवरून चालतं. प्रेफरन्समध्ये टूल्सखाली जिओमेट्रिक बाउंडिंग बॉक्स निवडा, मग खरं माप दिसेल.

आणि नेटवरची एसव्हीजी आहे म्हणजे तयारच आहे असं समजू नका. तिच्यात काय काय निघतं ते मी बघितलंय. आत नुसतं जेपेग चिकटवलेलं असतं. किंवा एकावर एक ठेवलेले रंगीत आकार असतात, स्क्रीनवर खालचा झाकला जातो पण लेझर झाकलेल्या कडाही कापतं, तिथे युनियन करून एकच आकार करावा लागतो. किंवा क्लिप लावून अर्धं लपवलेलं असतं, आणि मशीनचं सॉफ्टवेअर क्लिपला जुमानेलच असं नाही. म्हणून फाईल उघडली की आधी आउटलाइन मोडमध्ये बघायची. रंग-भराव सगळा नाहीसा होतो आणि लेझरला जे दिसणार तेच तुम्हाला दिसतं. माझी तर अर्धी तपासणी तिथेच होते.

कागदी_होडी

आउटलाइन मोडला +१. मी तर त्यातच काम करते, रंगात बघतच नाही.

निळी_शाई

@चाचणीतुकडा, ०.७५ चं वाचून अक्षरशः उठून फाईल उघडली. माप १३३.३३ केलं तर खाच बरोबर ३.००. मी उगाच त्या फाईल बनवणाऱ्याला मनात बोल लावत होते.

पण मग ३ मिमीच्या प्लायला ३ मिमीची खाच बरोबर बसते का?

चाचणीतुकडा

नाही, ढिली बसते. लेझर स्वतः थोडं लाकूड खातं, त्याला कर्फ म्हणतात. आणि ३ मिमीचा प्लाय ३ चा असतोच असं नाही, आधी कॅलिपरने दोनतीन ठिकाणी मोजा.

कर्फ स्वतःच्या मशीनवर, त्याच लाकडात मोजायचा, दुसऱ्याचा आकडा घ्यायचा नाही. १०० × २० मिमीचा आयत काढा, आत उभ्या ९ रेघा, म्हणजे १० पट्ट्या. कापा, सगळ्या पट्ट्या चौकटीतच एका बाजूला सरकवा, दुसऱ्या बाजूला जी फट पडेल ती मोजा. एकूण ११ काप आहेत, म्हणून ११ ने भागा. फट २.२ मिमी आली तर कर्फ ०.२. मग प्लाय ३.० असेल तर खाच २.८ काढायची, ती कापल्यावर ३.० होते. बाहेरच्या आकाराचं उलटं, तो निम्म्या कर्फने बाहेर सरकवायचा. भिंतीवरच्या घुबडाला हे काही लागत नाही, स्टँडला लागतं.

पानगळ

छान चाललाय धागा, शांतपणे वाचत होते. मधेच विचारते, मला कापायचं नाही, फोटो कोरायचा आहे लाकडावर. माणसाचा चेहरा. मी केला तर नुसता काळा गोळा आला.

बिंदुरेषा

फोटोचं गणित पूर्ण वेगळं आहे, तिथे ट्रेस वगैरे अजिबात नको. लेझरला करडा रंग नीट काढता येत नाही, त्याला ठिपका जाळायचा किंवा नाही जाळायचा एवढंच खात्रीने जमतं. म्हणून करड्या छटा ठिपक्यांच्या दाटीवर दाखवायच्या, याला डिदरिंग म्हणतात. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी १९७६ मध्ये मांडलेली पद्धत अजूनही जवळपास प्रत्येक लेझर सॉफ्टवेअरमध्ये आहे. जार्विसची पद्धतही आहे, ती फोटोत जरा मऊ दिसते. दोन्ही बघा.

गोळा होण्याची कारणं दोन. एक, चेहऱ्यामागची पार्श्वभूमी काढली नाही आणि उजेड वाढवला नाही. लाकडावर सगळं स्क्रीनपेक्षा गडद येतं, त्यामुळे फोटो आधी तुम्हाला फिका वाटेल इतका उजळ करा, कॉन्ट्रास्ट वाढवा, डोळे-केस जरा शार्प करा. दोन, डीपीआय फार ठेवला. तुमचा ठिपका ०.१ मिमीचा असेल तर २५४ च्या वर जाऊन उपयोग नाही, ठिपके एकमेकांवर चढतात आणि काळा गोळाच होतो.

आणि एकदा डिदर केलेलं चित्र नंतर लहानमोठं करू नका, ठिपक्यांची वीण बिघडून पट्टे दिसतात. आधी माप, मग डिदर. काळ्या पाटीच्या दगडावर किंवा काचेवर कोरलेलं पांढरट दिसतं, तिथे फोटो निगेटिव्ह करून द्यायचा.

पानगळ

पार्श्वभूमीचंच असणार, मागे झाड होतं आणि सगळी पानं जळून एक झाली. धन्यवाद, करून बघते.

धूरधूर

अवांतर आहे, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. चित्र कितीही सुंदर तयार केलंत तरी खाली काय ठेवताय ते ओळखून ठेवा. पीव्हीसी, विनाइल, रेक्झिन सारखं काही लेझरखाली अजिबात नाही. हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, फुप्फुसांना घातक, आणि दमटपणात त्याचं आम्ल होऊन मशीनचे रूळही गंजतात. ओळखीची खूण नसलेलं प्लास्टिक असेल तर तांब्याची तार तापवून त्यावर टेकवा आणि ती तार परत ज्योतीत धरा, ज्योत हिरवी झाली तर ते प्लास्टिक नको. हे मोकळ्या हवेत करा.

आणि निळ्या डायोड लेझरवाल्यांनी पारदर्शक ॲक्रिलिकवर घुबडं कापायचा प्रयत्न करू नये, ४५० नॅनोमीटरचा निळा उजेड त्यातून आरपार जातो. त्याला १०.६ मायक्रोमीटरवाला कार्बन डायऑक्साइड लेझरच लागतो.

कागदी_होडी

उतरवण्याबद्दलही एक सांगते. चित्र समोर दिसतंय म्हणजे ते वापरायला मोकळं आहे असं नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात एनसी अक्षरं असतील तर विकायच्या वस्तूवर ते वापरता येत नाही. बीवाय असेल तर चित्रकाराचं श्रेय द्यावं लागतं. सीसीझिरो असेल तर मोकळं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून त्यांच्याकडची हक्कमुक्त चित्रं सीसीझिरोखाली खुली केली आहेत, मोठ्या पिक्सेलमध्ये उतरवता येतात, जुने पक्षी-फुलं भरपूर आहेत. @करवत यांना हव्या त्या खोदचित्रांसाठी तर ती खाणच आहे.

अर्धा_मिलीमीटर

घरच्या भिंतीवर लावायला कोण विचारतं पण?

कागदी_होडी

विचारत नसेल कोणी. पण ज्याने ते घुबड काढलं त्याने त्यावर वेळ घातलाय, तुम्ही पानं काढायला घातला तसाच. तुमची वेल कोणी न विचारता कापून विकली तर?

अर्धा_मिलीमीटर

तर वाईट वाटेल. बरोबर आहे तुमचं.

एक मात्र जोडतो, हल्ली संगणकाने बनवलेली चित्रं खूप मिळतात, "लेझरसाठी तयार" असं लिहिलेलं असतं. डावी-उजवी बाजू सारखी वाटते पण नसते, रेघा मधेच संपतात, एक पंख हवेत तरंगत असतो. ती घेतलीत तर बोरूंची बकेट परीक्षा दुप्पट काळजीने करा.

निळी_शाई

आठ दिवसांनी धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं आहे.

मूळ चित्र सापडलं, १६०० पिक्सेलचं, चित्रकाराच्या स्वतःच्या पानावर. त्यांना विचारलं, घरच्यासाठी वापरा म्हणाले. थ्रेशोल्ड करून ट्रेस केलं, बाहेरची कड आणि फांदी सुंदर आली. पिसांवरच्या रेघा वेगळ्या रंगात घेतल्या, त्या फक्त कोरायच्या. डोळे मात्र ट्रेसचे ठेवले नाहीत, अर्धा_मिलीमीटर यांचं ऐकून पेनने काढले, एक डोळा काढून उलटवला. खरी वर्तुळं आणि ट्रेसची वर्तुळं शेजारी ठेवून बघितली तर ट्रेसची चपटी होती, आधी मला ते जाणवलंच नव्हतं. तेव्हा भांडण मिटवा, मला दोन्ही लागलं.

मग जुन्या पुठ्ठ्यावर कापून पाहिलं. काही ठिकाणी काप जास्तच जळकट आला आणि दोन पिसांच्या मधली एक फट जागेवरून हललेली. का?

करवत

जळकट आला तिथे एकावर एक दोन पाथ असणार. लाइटबर्न (लेझर चालवायचं सॉफ्टवेअर) असेल तर ऑल्ट-डी, डुप्लिकेट उडवून टाकतं. हललेल्या फटीचं कारण कापायचा क्रम. बाहेरची कड आधी कापली तर तुकडा सुटा होऊन किंचित सरकतो, आणि मग आतल्या फटी चुकीच्या जागी पडतात. आधी कोरणं, मग आतल्या फटी, सगळ्यात शेवटी बाहेरची कड. प्रीव्ह्यूमध्ये क्रम सावकाश चालवून बघता येतो, ऑल्ट-पी. तिथेच उघडे पाथही बघून घ्या, टोकं जुळली नसतील तर काप पूर्ण होत नाही आणि तुकडा एका कोपऱ्यात अडकून राहतो.

बोरू

आणि पूल किती ठेवलेत?

निळी_शाई

डोळ्याला दोन, आडवे, पिसांच्या ओघात. पुठ्ठ्यावर २ मिमीचे होते, ते पातळ वाटले म्हणून ३ केले. चोच वरच्या बाजूने कपाळाला जोडून टाकली, तिथे पूल असा वेगळा दिसतच नाही.

निळी_शाई

काल रात्री प्लायवर कापलं. डुप्लिकेट ११ निघाले होते. क्रम बदलला, बकेट परीक्षा शेवटची एकदा केली, सगळं लाल. कापून झाल्यावर पाच मिनिटं धूर जाऊ दिला आणि फळी उचलली. जाळीत खाली फक्त पिसांमधल्या फटींचे तुकडे होते, मोजले तर फाईलमध्ये होत्या तितकेच. घुबड दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघत होतं.